साखर उतरली की बीपी पडलं? लिंबूपाणी देण्याआधीची पाच मिनिटं

मे महिना, दुपारचे साडेतीन, बाहेर ४५ डिग्री. एक वाजता वरण-भात जेवून कूलरपुढे आडवे झालेले आबा उठले, दोन पावलं टाकली आणि भिंत धरून थांबले. "चक्कर आली." घरात कोणी म्हणतं ऊन लागलं, कोणी म्हणतं बीपी लो झालं, कोणी म्हणतं शुगर लो झाली. मतं तीन, पण उपाय एकच निघतो: मीठ-साखरेचं लिंबूपाणी. पंधरा मिनिटांत आबांना बरंही वाटतं.

घोळ इथेच होतो. त्या पेल्यात साखर आहे, मीठ आहे, पाणी आहे, आणि पेला संपेपर्यंत आबा खुर्चीत बसलेले आहेत. चौघांपैकी कशानं गुण आला ते कळत नाही. पुढची चक्कर रात्री बाथरूमच्या दारात येते. साखर उतरत असेल तर मधुमेहाचं औषध तपासायला हवं, उभं राहिल्यावर बीपी पडत असेल तर बीपीचं किंवा प्रोस्टेटचं. औषधं वेगळी, चूकही वेगळी, आणि लिंबूपाण्यानं दोन्ही झाकली जातात.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: आडवं केल्यावर काय होतं? उभं राहिल्यावर बीपी पडणाऱ्याला झोपवून पाय उशीवर उंच ठेवले की एक-दोन मिनिटांत डोळ्यांपुढचा अंधार जातो, तो नीट बोलू लागतो. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, म्हातारपणी रक्तवाहिन्या वेळेवर आवळत नाहीत, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं; आडवं होताच ते परत मिळतं. साखरेला मात्र उभ्या-आडव्याशी देणंघेणं नाही. ती उतरली असेल तर झोपूनही घाम, थरथर, गोंधळ चालूच राहतो, आणि "पडू दे जरा, झोप लागली वाटतं" म्हणून सोडून दिलेला माणूस बेशुद्धीकडे जात असतो.

दुसरा प्रश्न औषधांच्या डब्याचा. साखर धोकादायकरीत्या उतरते ती मुख्यतः इन्सुलिन घेणाऱ्यांची, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी घेणाऱ्यांची. अनेकदा ही मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असते, म्हणून गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर इतकी खाली जाणं क्वचितच घडतं. बीपी पाडणाऱ्यांची यादी याहून लांब आहे: लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, छातीदुखीच्या नायट्रेट गोळ्या, पार्किन्सनची लेवोडोपा, आणि घरचे हमखास विसरतात ती प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन. "ती तर लघवीची आहे" म्हणून बीपीच्या डॉक्टरांना तिचं नावच सांगितलं जात नाही.

लक्षणांवर भिस्त ठेवायची तर जपून. साखर उतरल्यावर येणारा घाम थंड, चिकट असतो. कूलरच्या झोतात बसलेल्या माणसाचं कपाळ ओलं झालं तर तो उन्हाळ्याचा घाम नव्हे. सोबत हात थरथरतात, धडधडतं, भूक लागते. पण सत्तरीनंतर, आणि मधुमेह जुना असेल तर, या खुणा बोथट होतात. मग दिसते ती वेगळीच तऱ्हा: उगाच चिडणं, विचारलेलं एक आणि उत्तर दुसरं, जीभ जड होणं, कधी एका बाजूचा हात ढिला पडणं. मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र सुटतो. तोंड वाकडं दिसलं किंवा हात उचलेना, तर लगेच १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत साखर तपासायची. क्रम उलटा करायचा नाही. लकवा निघाला तर रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि अंग भट्टीसारखं तापलंय, माणूस भलतंच बरळतोय, तर तो उष्माघात. त्यात लिंबूपाणी नव्हे; अंगावर पाणी, वारा, आणि सरकारी रुग्णालय, नागपुरात मेडिकल किंवा मेयो, जे जवळ असेल ते.

साखर तपासताना

आपल्याकडे संत्र्याच्या दिवसांत हमखास होणारी चूक आधी. संत्रं सोललेल्या बोटातून रक्त काढलं तर मीटर खोटी, चढी साखर दाखवतं. रसातली साखर त्या थेंबात मिसळते. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून ती पुरती जात नाही. नळाखाली बोट धुवायचं, कोरडं करायचं, मग टोचायचं. उतरलेली साखर १४० दिसली आणि घरचे निर्धास्त झाले, तर मीटरचा दोष नाही.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० डिग्रीच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, बंद खोलीच्या खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली डबी टाकून द्यावी. डबीचं झाकण उघडं राहिलं तरी पट्ट्या दमट होऊन बिघडतात.

आकडा ७० च्या खाली आला की उपाय लगेच, ५४ च्या खाली तर प्रकरण गंभीर. उपाय १५ ग्रॅम साखरेचा: चहाचे तीन-चार सपाट चमचे साखर अर्धा कप पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडरचा पोह्याचा एक भरलेला चमचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. आपल्या नेहमीच्या लिंबूपाण्यात साखर जेमतेम दोन चमचे, म्हणजे ती अपुरी. पेढा किंवा बर्फी नको, तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुगर-फ्रीची गोळी तर इथे पाण्याइतकीच.

एक बारकावा फार थोड्यांना ठाऊक असतो. गोळीत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस असेल तर घरची साखर वेळेवर काम करत नाही, कारण आतड्यात तिचे दोन तुकडे करणारा पाचकरसच ही औषधं अडवून धरतात. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. डबा देवघराजवळ किंवा फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल असा.

आकडा वर आला की पोळी-भाजी, दूध, काहीतरी खायला द्यायचं. पण इन्सुलिन नव्हे, ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी कारणीभूत असेल आणि किडनी मंदावलेली असेल, तर गोळी शरीरात रेंगाळते आणि साखर त्या दिवसात पुन्हा, कधी दुसऱ्या दिवशीही उतरते. "आता बरं आहे" म्हणून रात्री एकटं झोपवायचं नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर साखर, मध, पाणी काहीच घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. कुशीवर वळवून १०८.

हे घडतं कधी? महालक्ष्म्यांच्या दिवशी. आजींनी सकाळी आठला नेहमीची गोळी घेतली, सोळा भाज्या, पुरण, आंबील होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत तीन-चार वाजले, आणि तोवर पोटात चहाच. चतुर्थीलाही तेच. गोळी जेवणाला बांधलेली आहे, घड्याळाला नाही. उपवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची हे आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेवावं. आणि ऐंशीच्या माणसाची उपाशीपोटी साखर ८५ आली म्हणून घरानं खूश होणं हेही आमच्या मते जरा तपासायला हवं. या वयात, सोबत इतर आजार असतील तर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८ च्या जवळपास असलेलं डॉक्टर चालवून घेतात ते उगाच नाही.

बीपी तपासताना

बसवून एकदा मोजलेलं १३०/८० या चक्करीबद्दल काहीच सांगत नाही. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजायचं, मग उभं करायचं आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर निदान जवळजवळ हातात आलं. उभं असताना दंडाचा पट्टा छातीच्या उंचीवर राहील असा हात कोणीतरी धरून ठेवावा. लोंबत्या हातात आकडा खोटा चढा येतो आणि नेमकी घसरण लपते. पट्टा लहान पडला तरी आकडा चढाच येतो. शेजारी एक माणूस आणि मागे खुर्ची हवी, कारण चाचणीतच माणूस पडू शकतो.

मशीनवरची नाडीही लिहून घ्यायची. बीपी पडलं आणि नाडी चांगली २०-३० नं वाढली, तर बहुधा अंगात पाणी कमी आहे किंवा औषधाचा जोर जास्त आहे. बीपी पडूनही नाडी जागची हलली नाही, तर जुन्या मधुमेहानं किंवा पार्किन्सननं मज्जातंतूच मंदावल्याचा संशय.

आता आबांकडे वळू. जेवून अडीच तास झालेत, म्हणजे उपाशी नाहीत. जेवणानंतर दोनेक तास रक्त पोटाकडे ओढलं जातं, उन्हाळ्यानं पाणी कमी, सकाळी बीपीची गोळी, रात्री टॅम्सुलोसिन. समजा, खुर्चीऐवजी आडवं करताच दोन मिनिटांत बरं वाटलं. पारडं बीपीकडे झुकतं. तरीही ते ग्लिमेपिराइड घेत असतील तर बोट टोचून बघायचंच, त्याला मिनिटही लागत नाही. मीटरच नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखर देऊन टाकावी, चुकलं तरी नुकसान फार थोडं.

यावरचे उपाय साधे, पण रोजचे. उठण्याआधी खाटेवर बसून पाऊल वर-खाली वीसेक वेळा, मग पाय लोंबते ठेवून मिनिटभर, मग उभं. रात्री लघवी बसूनच. भाताचा डोंगर एकदाच नको, चार वेळा थोडं थोडं. आंघोळीचं पाणी कोमट, बाथरूममध्ये स्टूल. सकाळी उठताना दोन पेले पाणी लागोपाठ घेतलं तर काही जणांचं बीपी बरंच सावरतं. पण हृदय कमजोर किंवा किडनी अधू असेल तर पाणी आणि मीठ वाढवणं डॉक्टरांना विचारूनच; अशा माणसाला रोजचं मीठ घातलेलं लिंबूपाणी पाय सुजवतं, दम लावतं. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. पुष्कळदा नुसती वेळ बदलून किंवा मात्रा उतरवून भागतं.

दोन्ही एकत्र येतात ते जुलाबात. खाणं बंद, पाणी बाहेर, आणि घरचे सवयीनं सगळ्या गोळ्या देतच राहतात. त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते फोनवर विचारायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही. आणि साखर ४०० झाली तरी चक्कर येते. लघवीवाटे पाणी जाऊन बीपी पडतं. तिथे साखरपाणी देऊन उलटंच होईल.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर इतकं लिहून न्या: वेळ, शेवटचं खाणं, शेवटची गोळी, उठताना आली की बसल्या जागी, साखर, आडवं बीपी, उभं बीपी, नाडी. नुसतं "चक्कर येते" सांगितलं तर गरगरण्याची गोळी लिहून मिळण्याचा संभव असतो. त्यातली प्रोक्लोरपेराझिन स्वतःच उभ्या माणसाचं बीपी पाडते, आणि महिनोन्महिने चालू राहिली तर म्हाताऱ्या माणसाचे हात कापायला लागतात. मग त्या कापणाऱ्या हातांकडे बघून घरचे पुन्हा म्हणतात, शुगर लो झाली.