कुंपणाची अर्धी तार जमिनीत असते

मे महिन्यातली दुपार. सासवडच्या पुढे मावसभावाच्या रानात एक जर्सी कालवड कुंपणाच्या तारेवर मान टाकून पलीकडचं कडवळ ओढून खात होती. झटका मशीन टिकटिकत होतं, बॅटरी भरलेली होती, तार कुठे तुटलेली नव्हती. कालवड हाकलून मीटर लावला, तर तारेवर सात हजार व्होल्ट. तरी तिला काहीच लागत नव्हतं.

भावाकडे लहान-मोठी सात जनावरं आहेत. अर्ध्या एकरात मारवेल गवत लावलंय. त्याचे पट्टे पाडून आज इथे, चार दिवसांनी तिथे, असं चारायचं, म्हणजे खाल्लेलं गवत पुन्हा फुटायला उसंत मिळते. त्यासाठी हलवता येणारं कुंपण हवं, आणि ते काम दगडी बांधाचं किंवा काटेरी तारेचं नाही. दुकानदाराने मशीन दिलं आणि सोबत दोन फुटांची एक सळई दिली, ‘अर्थिंगला ठोका’ म्हणून. सगळी गोची त्या सळईत होती.

आधी मशीन काय करतं ते पाहू. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते थोडी थोडी वीज कपॅसिटरमध्ये साठवतं आणि साधारण सेकंदाला एकदा ती सगळी एकदम ट्रान्सफॉर्मरमधून तारेत सोडतं. नळाखाली बादली भरू द्यावी आणि भरली की भस्सकन ओतावी, तसं. झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. छोट्या मशीनचा झटका असतो एक ज्यूलच्या आसपास. अर्धा किलोची गुळाची ढेप वीतभर उंचीवरून पडली तर जमिनीला जेवढी ऊर्जा मिळेल, तेवढाच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 500 ओहमच्या रोधात (रोध म्हणजे वीज अडवण्याची ताकद, ती ओहममध्ये मोजतात) झटका 5 ज्यूलच्या वर जाता कामा नये आणि दोन झटक्यांत निदान एक सेकंदाचं अंतर हवं. एवढ्या कमी वेळात स्नायू चमकतो, कळ येते, पण हृदयाचा ताल बिघडायला पुरेसा विद्युतभार शरीरातून जातच नाही. आणि पुढच्या झटक्याआधी मागे सरायला सेकंदभर मिळतो.

घरातली लाईट ही वेगळी गोष्ट आहे. 230 व्होल्ट आकड्याने लहान दिसतात, पण ती वीज थांबत नाही. सेकंदाला 50 आवर्तनं. हात आखडतो, सुटत नाही, आणि हृदय थरथरत बंद पडतं. रानडुकरांसाठी तारेत थेट लाईट सोडल्यामुळे आपल्या राज्यात माणसं मेली आहेत, कित्येकदा त्याच घरातली. तो गुन्हा आहेच. पण कायदा नसता, तरी ते करू नये. झटका मशीनशिवाय कुंपणात वीज नको, आणि काटेरी तारेत तर मशीनचीही नको. काट्यात अडकलेल्या जनावराला मागे सरताच येत नाही.

आता त्या कालवडीकडे. विजेच्या तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण विजेला परत जायला वाट नसते. कुंपणातही तेच. मशीनच्या एका टोकाला तार, दुसऱ्या टोकाला जमिनीत ठोकलेली सळई. जनावराने तारेला नाक लावलं की वीज नाकातून शिरते, खुरांतून जमिनीत उतरते, जमिनीतून सळईपर्यंत येते आणि मशीनमध्ये परत जाते. म्हणजे जमीन ही कुंपणाची दुसरी तार आहे. विकत न घेतलेली, म्हणून दुर्लक्षित.

मातीत वीज वाहते ती मुख्यतः ओलीमुळे, पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. पुरंदरचा मुरूम मे महिन्यात भाजलेल्या विटेसारखा कोरडा असतो. समजा गायीच्या शरीराचा रोध 1,000 ओहम आणि जमिनीतल्या वाटेचा 5,000. तारेतल्या 6,000 व्होल्टपैकी गायीच्या वाट्याला येतात 1,000. उरलेले पाच हजार माती खाते. केसाळ, जाड कातडीच्या जनावराला तेवढ्याने फरक पडत नाही. त्यात खूर म्हणजे आपल्या नखांसारखंच शिंगाचं द्रव्य, तेही वीज अडवतं. गायीला कुंपणाचा धाक बसायला तारेवर जनावर टेकलेलं असतानाही निदान तीन हजार व्होल्ट टिकावे लागतात.

हे तपासायची रीत सोपी आहे. मशीन बंद करून, त्याच्यापासून शंभर मीटर दूर, तारेला लोखंडी सळया टेकवून जमिनीत रोवायच्या, म्हणजे जनावर टेकल्यासारखी विजेला जमिनीत वाट मिळते. मग मशीन चालू. तारेचा दाब, म्हणजे व्होल्ट, दोन हजारांच्या खाली येईपर्यंत सळया वाढवायच्या, दर वेळी मशीन बंद करून. आता मशीनपाशी येऊन अर्थिंगची सळई आणि तिच्यापासून मीटरभर अंतरावर मातीत खोचलेला खिळा यांच्यामधला दाब मोजायचा. तीनशेच्या आत हवा, शून्य असेल तर उत्तम. आमचा आला 1,400. दुकानदाराची सळई तिथेच नापास झाली.

मग सहा फुटी गॅल्व्हनाइज्ड सळया आणल्या, तीन. त्या एकमेकींपासून दहा फुटांवर ठोकल्या. जवळजवळ ठोकल्या तर तिघी मिळून तीच माती वापरतात, फायदा होत नाही. जागा निवडली गुरांच्या पाण्याच्या हौदामागची. तिथे सांडलेल्या पाण्याने बारमाही ओल असते, हरळी हिरवी असते. घराच्या अर्थिंगपासून दहा मीटर तरी लांब राहायचं, हे मात्र पाळलं. कोळसा-मीठ भरायचा सल्ला दोघांनी दिला. मी नको म्हटलं, कारण मीठ ओल धरतं खरं, पण सळईचा जस्ताचा थरही खातं. दाब 250 वर आला.

तरी अर्धाच प्रश्न सुटला होता. खुरांखालची माती कोरडीच होती! तिथे उपाय दुसरा. झटक्याच्या तारेखाली वीतभर अंतरावर आणखी एक तार ओढली आणि ती अर्थिंगला जोडली. जनावराने मान घातली की दोन्ही तारा एकदम लागतात, मातीचं काम उरत नाही.

बाकीची कामं अवघड नाहीत. मोठ्या गायीला एक झटक्याची तार पुरते, नाकाच्या उंचीला, 80 ते 90 सेंटीमीटरवर. वासरं असतील तर गुडघ्याच्या जरा वर दुसरी. फाटकाखालून साधी घरगुती वायर नेऊ नये, तिचं आवरण इतक्या दाबासाठी नसतं. तांब्याची तार लोखंडी तारेला पिळून जोडली तर एका पावसाळ्यात सांधा गंजतो. पिवळी सूचनापाटी हवीच. वळवाच्या गडगडाटाआधी मशीन तारेपासून सोडवून ठेवावं, कारण एवढी लांब तार आभाळातल्या विजेला आयतं आमंत्रण असते. मुळशी-मावळच्या पावसात अडचण उलटी असते. जमीन ओलीचिंब, पण वाढलेलं गवत तारेला टेकतं आणि पात्यापात्यातून झटका गळतो. तिथे विळा हेच मुख्य औजार.

न्यूझीलंडमध्ये डग फिलिप्स यांनी 1962 मध्ये कपॅसिटरवर चालणारं मशीन केलं ते याच गळतीमुळे. आधीची कुंपणं गवत टेकलं की निकामी होत. झटका छोटा पण जोरकस झाल्यावर तो गळूनही लांब पोचू लागला. आज आपण वापरतो ते त्याच जातीचं.

एक काम बाकी होतं, जनावरांना कुंपण शिकवायचं. गायीला बारीक तार नीट दिसत नाही, म्हणून तारेला पांढऱ्या चिंध्या बांधल्या आणि पक्क्या भिंतीच्या आवारात एका बाजूला तार ओढून दोन दिवस मोकळं सोडलं. कालवड आली, चिंधी हुंगली. ओलं नाक तारेला लागलं, टिक झालं, आणि ती चार पावलं मागे उडून फुरफुरत उभी राहिली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पण हातभर आधीच थांबली.

आता उन्हाळ्यात हौद आटायला लागला, की भाऊ दर तीन-चार दिवसांनी त्या तीन सळयांच्या बुडाशी दोन-दोन बादल्या पाणी ओततो.