रिमोट डेस्कटॉपवरून बहुखेळाडू संगणक-खेळ

रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर पाहून तो चालवणे. एकाच ताकदवान संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, खेळ चालवायचा आणि खेळाडूंनी आपापल्या साध्या संगणकावर त्याचे नुसते चित्र पाहत खेळायचे, अशी ही पद्धत आहे. खेळाडूकडून कळफलकाचे व माउसचे संकेत जातात, सर्व्हरकडून पडद्याचे चित्र आणि आवाज येतो. नेहमीच्या बहुखेळाडू खेळात प्रत्येकाच्या संगणकावर खेळाची स्वतंत्र प्रत चालते. येथे सगळ्या प्रती एकाच यंत्रात, वेगवेगळ्या सेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र बैठकीत, चालतात.

या पद्धतीची साधने खेळांसाठी नव्हे, इतर कामांसाठी जन्मली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये एक्स विंडो प्रणाली तयार झाली; तीत एका संगणकावरच्या प्रोग्रामची खिडकी दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू शकते. मायक्रोसॉफ्टची आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, म्हणजे दूरचा पडदा दाखवण्याची नियमावली) १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आली. लिनक्सवर जुने संगणक एका सर्व्हरला जोडणारा एलटीएसपी प्रकल्प १९९९ चा. पत्र टंकताना पडद्याचा थोडाच भाग बदलतो, खेळात मात्र क्षणोक्षणी सगळा पडदा बदलतो. १९२० बाय १०८० चा पडदा सेकंदाला ६० वेळा जसाच्या तसा पाठवायचा तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट लागतात. म्हणून चित्र आकसून पाठवावे लागते आणि ते आकसण्या-उलगडण्यात वेळ जातो.

तरी खरा अडसर अनेकदा चित्राचा नसतोच. नेमबाजीच्या खेळाला माउस किती सरकला ते हवे असते, तर मूळ आरडीपी माउसचा बाण पडद्यावर कुठे आहे एवढेच कळवते. परिणामी खेळातली नजर गरगर फिरते किंवा कडेला अडकते. दुसरी अडचण पत्त्याची. सर्व सेशनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक, एकच असतो. 'एज ऑफ एम्पायर्स २' सारखे १९९९ च्या पिढीतले खेळ प्रत्येक प्रतीसाठी तेच ठरलेले पोर्ट (त्या पत्त्यावरचे क्रमांकाचे दार) मागतात. पहिल्याने ते घेतले की दुसऱ्याला वाट उरत नाही. यावर उपाय म्हणून विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून प्रत्येक सेशनला वेगळा आयपी देण्याची सोय आहे. विंडोजची साधी आवृत्ती तर एका वेळी एकाच माणसाला बसू देते. सर्व्हर आवृत्तीतही देखभालीच्या दोन सेशनपलीकडे प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा यंत्रासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. शिवाय सर्व्हर आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेला संगणक, असेल तर फसवणूक रोखणाऱ्या काही यंत्रणा त्यावर खेळ सुरूच होऊ देत नाहीत.

याच्या उलट 'फ्रीसिव्ह' आणि 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हे मुक्त खेळ या पद्धतीला अगदी सोयीचे. त्यांत पोर्ट फक्त खेळाचा सर्व्हर, म्हणजे डाव सांभाळणारा प्रोग्राम, धरतो, इतर प्रती त्याच्याशी बोलतात, त्यामुळे एकाच यंत्रावर पाच-सहा जण सहज मावतात. 'वेस्नॉथ' पाळीपाळीने खेळतात आणि 'फ्रीसिव्ह'मध्येही डाव विचार करून टाकायचा असतो. चित्र थोडे उशिरा आले तरी कोणाचे नुकसान होत नाही. पळापळीचे खेळ या पद्धतीने चालवू पाहणे हा माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे. त्यांसाठी सनशाइन-मूनलाइटसारखी साधने खास चित्रफीत पाठवण्यासाठीच बनलेली आहेत, फक्त ती साधारणपणे एका यंत्रावरचा एकच पडदा सर्वांना देतात.

गोव्याला या पद्धतीशी जवळची पूर्वपीठिका आहे. २००० नंतरच्या वर्षांत गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टच्या स्वयंसेवकांनी परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांपर्यंत पोचवले आणि त्यांवर लिनक्स चालवले. अशा जुन्या यंत्रांना पडदा आणि कळफलक एवढेच काम दिले, तर डिचोली, पेडणे वा सत्तरीतल्या शाळेच्या प्रयोगशाळेत एका बऱ्या सर्व्हरवर सगळा वर्ग खेळू शकतो. मुलांनी मराठीत गप्पा मारत खेळावे असे वाटत असेल तर एक गोष्ट आधी पाहावी. आरडीपीतून कळीचा क्रमांक जातो, अक्षर सर्व्हर ठरवतो. म्हणून देवनागरी कळफलक आणि फॉन्ट सर्व्हरवरच बसवायला हवेत. मुलांच्या यंत्रावर ते असून भागत नाही.

सर्व्हर प्रयोगशाळेत ठेवावा की मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये? अॅमेझॉनने तेथे २०१६ मध्ये आपले केंद्र उघडले. काचतंतूतून प्रकाश १००० किलोमीटर सुमारे ५ मिलिसेकंदांत कापतो, म्हणजे गोवा-मुंबई अंतर स्वतः फारसे आड येत नाही. आड येतो तो गावातला शेवटचा टप्पा: झाडावरून ओढलेली तार, पावसाळ्यात तुटणारी जोडणी, सायंकाळी भरून वाहणारे नेटवर्क. या कारणांनी गोव्यातल्या गावासाठी स्थानिक सर्व्हरच चांगला.

तो बाहेरून खेळण्यासाठी इंटरनेटवर उघडायचा असेल, तर आरडीपीचे ३३८९ हे पोर्ट थेट उघडे ठेवू नये. २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या त्रुटीतून पासवर्डशिवायही जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होते. आधी वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरची सुरक्षित खासगी जोडणी), मग त्यातून आरडीपी, हा क्रम बरा.

या पद्धतीचा एक फायदा वळवाच्या दिवसांत पटतो. विजा चमकू लागल्या आणि लाइट गेली तर खेळाडूचे यंत्र बंद पडते, पण यूपीएसवर असलेल्या सर्व्हरवरचे सेशन तसेच चालू राहते. वीज आल्यावर पुन्हा जोडणी केली की डाव जिथे होता तिथे मिळतो. मात्र यूपीएस संपण्याआधी डाव जतन करण्याची जबाबदारी प्रयोगशाळेतल्या एका माणसावर नेमून दिलेली असावी.