झाडाचं आजोळ

मागच्या रविवारी मांडूहून इंदूरला परतताना भाच्याने रस्त्याकडेच्या टोपलीतून एक गोरखचिंच, म्हणजे मूळच्या आफ्रिकेतल्या बाओबाब झाडाचं फळ, घेतली. घरी ते जड, लवदार फळ हातात तोलत तो म्हणाला, "मामा, झाड तर चालत नाही. मग हे इतक्या लांब पसरलं कसं?" शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, हा कल्पवृक्ष आहे, गोरखनाथांच्या कृपेने उगवला. कृपा म्हटलं की पोरांचे प्रश्न तिथेच संपतात. मला तो प्रश्न संपू द्यायचा नव्हता.

कारण हाच प्रश्न १८९९ साली क्लेमेंट रीड या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने ओक या युरोपातल्या रानझाडाबद्दल विचारला होता. साधारण २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता आणि ओक दक्षिणेला स्पेन, इटली, बाल्कन इथे तग धरून होते. बर्फ हटल्यावर ते उत्तरेला सरकले. पण ओकचं फळ जड, पिकलं की झाडाखालीच पडतं. या चालीने ब्रिटनच्या उत्तरेपर्यंत जायला दहा लाख वर्षं लागतील, असा रीडचा हिशेब होता. प्रत्यक्षात काही हजार वर्षांत काम झालं. कावळ्याच्या कुळातला ‘जे’ (jay) नावाचा पक्षी हिवाळ्याच्या बेगमीसाठी ही फळं लांब नेऊन जमिनीत पुरतो. जी खायची राहतात, ती रुजतात.

पण कुठला ओक कुठून निघाला, हे कसं कळलं? इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो.

पानाच्या पेशीतल्या हरितलवकाला, म्हणजे सूर्यप्रकाशातून अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणाला, स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे १ लाख ६० हजार अक्षरांचा. ओकमध्ये तो फक्त आईकडून येतो. पेशीच्या केंद्रकातला, आईबाप दोघांकडून येणारा डीएनए दर पिढीला पत्त्यांसारखा पिसला जातो, हा मात्र जसाच्या तसा पुढे जातो. परागकण वाऱ्यावर कोसन् कोस उडतात, पण हरितलवक देत नाहीत. म्हणजे हा डीएनए फक्त बी जिथे जाईल तिथेच जातो. क्वचित एखादं अक्षर बदललं, की ती खूण त्या आईच्या सगळ्या वंशात राहते. हरितलवक म्हणजे झाडाचं आजोळ: आईची आई, तिची आई, असं मागे मागे जाता येतं. रेमी पेती हे फ्रेंच संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये युरोपभरच्या २६०० हून अधिक ठिकाणच्या ओकांची अशी आजोळं नकाशावर मांडली. ब्रिटनच्या बहुतेक देशी ओकांचं आजोळ स्पेनच्या बाजूला निघालं.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे एकाच रानात वाढणाऱ्या दोन वेगळ्या जातींच्या ओकांचं हरितलवक बऱ्याचदा एकच असतं. आधी पोहोचलेल्या जातीच्या फुलांवर दुसऱ्या जातीचे पराग पडतात. त्या संकरित रोपांवर पुन्हा तेच पराग, पुन्हा तेच. काही पिढ्यांनी केंद्रक जवळजवळ पूर्ण दुसऱ्या जातीचं होतं आणि हरितलवक पहिल्या आईचंच राहतं. बी न हलवता एक जात दुसरीच्या रानात शिरते! पाइनमध्ये मात्र उलटं आहे. तिथे हरितलवक बापाकडून येतं, म्हणून आजोळ शोधायला पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेचा, आईकडून येणारा डीएनए लागतो.

एक मात्र ठासून सांगतो. नुसत्या डीएनएवरून झाडाच्या प्रवासाचं नेमकं वर्ष कळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ओकांच्या प्रवासाच्या तारखा तळ्यांच्या गाळात थरांनी साचलेल्या परागकणांवरून आणि त्या थरांतल्या कार्बनवरून वय काढण्याच्या मोजणीवरून बसवल्या आहेत. डीएनए वाट दाखवतो, तारीख गाळ सांगतो.

आता गोरखचिंच. मांडूत तिला खुरासानी इमली म्हणतात, पण इराणच्या बाजूच्या खुरासानात ती रानात उगवतच नाही. नावाने पत्ता चुकीचा दिला, तरी झाड परकं आहे एवढं मात्र लक्षात ठेवलं. भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या झाडांची जनुकं ताडून पाहिल्यावर दिसलं, की हे झाड आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून माणसांनीच आणलं, आणि तेही एकदाच नव्हे. भाच्याने फळ फोडून बिया मोजायला घेतल्या आणि त्यातल्या चार गच्चीवरच्या कुंडीत पुरल्या.