इंग्रजीतील तरतमभाव: 'बिगर' आणि 'मोर इम्पॉर्टंट' यांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शाळांत इंग्रजीचा 'डिग्री'चा, म्हणजे विशेषणांतून तुलना दाखवण्याचा, धडा मुलांना अवघड जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. घरच्या मराठीत 'पेक्षा' किंवा 'सर्वांत' जोडले की काम भागते. शाळेत शिकाव्या लागणाऱ्या कन्नडातही 'गिंत' असाच नामाला लागतो आणि विशेषण जसेच्या तसे राहते. इंग्रजीत मात्र विशेषणाचेच रूप बदलते, तेही कधी 'बिग'चे 'बिगर' असे, तर कधी आधी 'मोर' लावून.

यांतील प्रत्ययांची पद्धत जुनी आहे. प्राचीन इंग्रजीत विशेषण लहान असो वा लांब, त्याला सहसा 'रा' आणि 'ओस्ट' किंवा 'एस्ट' हे प्रत्यय लागत. आजचा 'एस्ट' आणि संस्कृतातील 'इष्ठ' हे एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ ही या प्रत्ययाची रूपे आपली मुले रोज ऐकतात. संस्कृत 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट' यांचे तर धातू आणि प्रत्यय दोन्ही सगोत्र आहेत. शिक्षकांनी हा धडा येथूनच सुरू करावा, असे मला मनापासून वाटते. 'गुड'शी 'बेटर' जुळत नाही, कारण ती मुळातच दोन वेगळ्या धातूंची रूपे आहेत.

1066 मध्ये इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांची सत्ता आल्यानंतर 'इम्पॉर्टंट'सारखे लांब फ्रेंच शब्द इंग्रजीत रुळत गेले आणि 13व्या-14व्या शतकांपासून 'मोर', 'मोस्ट' यांचा वापर वाढला. पुढे बराच काळ दोन्ही पद्धती एकाच विशेषणाला एकदम लावणेही चालत असे. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मध्ये 'मोस्ट अनकाइंडेस्ट' असा प्रयोग आहे. 18व्या शतकातील व्याकरणकारांनी, विशेषतः 1762 मध्ये इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट लाउथ यांनी, अशा दुहेरी रूपांना दोष दिला आणि शालेय नियम त्याच वळणाने घट्ट झाला. म्हणून 'मोर बिगर' लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर आज चूक ठरते, हे खरे. पण त्यामागची प्रवृत्ती अडाणीपणाची नाही. वाजसनेयी संहितेच्या, म्हणजे शुक्ल यजुर्वेदाच्या, आरंभीच्या मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' असे ('श्रेष्ठ'वर पुन्हा 'तम' लावलेले) दुहेरी रूप आहे, आपण 'सर्वश्रेष्ठ' सहज लिहितो, आणि 'लेस' हे मुळातच तुलनेचे रूप असताना त्यावर पुन्हा प्रत्यय चढवून झालेला 'लेसर' प्रमाण इंग्रजीत टिकून आहे.