ओढ जास्त, तर राख कमी

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, तिरोडा. या औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्या आसपासच्या वावरांतून रोजच दिसतात. कापसावर राखड बसली की गावातला वाद शेवटी एका आकड्यावर येतो: धुराच्या घनमीटरमागे किती मिलिग्रॅम राख? डिसेंबर 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेने 2003 पर्यंतच्या संचांना 100, 2004 ते 2016 मधल्यांना 50 आणि त्यानंतरच्यांना 30 ही मर्यादा घातली.

आकडा काढायचा तर चिमणीच्या भोकातून नळी आत घालतात, पंपाने धूर ओढतात, राख थिंबल फिल्टरमध्ये अडवून तिचं वजन करतात. सोपं वाटतं. मेख आहे नळीच्या तोंडाशी: ओढायचं किती वेगाने?

समजा, वायू सेकंदाला 20 मीटरने वर चाललाय आणि नळी 10 मीटरनेच ओढतेय. मग तोंडासमोरचा निम्मा वायू वळसा घालून निघून जातो. जड कणांना मात्र इतक्या पटकन वळता येत नाही. उपणताना वारा भुसा नेतो, दाण्याला हलवत नाही, तसंच. वायू निम्मा, राख जवळपास पूर्ण. भरड राखेचा आकडा दुपटीकडे फुगतो. उलट 40 मीटरने ओढलं तर आजूबाजूचा वायूही नळीत शिरतो, त्यातली जड राख सरळ वर जाते आणि आकडा निम्म्याकडे घसरतो. कोणती चूक कोणाच्या सोयीची, हे सांगायला नको.

10 मायक्रॉनचा राखेचा कण या वेगाला वळण्याआधी साधारण सेंटिमीटरभर सरळ जातो, म्हणजे जवळजवळ नळीच्या तोंडाएवढा. 1 मायक्रॉनचा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागातच वायूबरोबर वळतो, त्यामुळे बारीक राखेला ही चूक फारशी बाधत नाही. ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धुरातली राख पकडणारं यंत्र, धड चालत असेल तर भरड राख मुळात कमीच उरते. तो बिघडला की ती सुटते, आणि नेमकं तेव्हाच नळीचा वेग चुकला तर महागात पडतं.

म्हणून आधी पिटो नळीने वायूचा वेग मोजून ओढ तेवढीच ठेवतात. याला आयसोकायनेटिक नमुना म्हणतात. भिंतीजवळ वायू संथ, मध्ये जोरात. त्यामुळे एका जागी नळी धरून भागत नाही, ठरलेल्या अनेक बिंदूंवर ती फिरवावी लागते आणि दर बिंदूला ओढ बदलावी लागते. तोंडही प्रवाहाकडेच हवं.

अहवालात या जुळणीची टक्केवारी असते: 100 म्हणजे ओढ वायूच्या वेगाएवढीच, त्याहून जास्त म्हणजे ओढ जास्त. 90 ते 110 चालतं. जनसुनावणीत कागद हाती आला तर मिलिग्रॅमच्या आधी ती बघा. 130 असेल तर चाचणी पुन्हा मागा.