जोडता-सोडवता येणारा तरंगता रंगमंच

वास्तुविशारद लुई कान यांच्या आराखड्यावरून १९७६ मध्ये अमेरिकेत बांधलेले ‘पॉइंट काउंटरपॉइंट टू’ हे संगीतगृह म्हणजे १९५ फूट लांबीचे जहाजच होते. ते काठाला लागले की छताचा भाग वर उचलला जाई आणि श्रोते काठावर बसून वाद्यवृंद ऐकत. वास्तुविशारद अल्डो रॉसी यांनी १९७९ मध्ये व्हेनिसमध्ये बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवर, उभारलेले नाट्यगृह तर पुढच्या वर्षी समुद्र ओलांडून आजच्या क्रोएशियातील डुब्रॉवनिकला गेले. या वास्तू जागा बदलत, पण त्यांची तळाची बैठक तीच राही. सुटे पॉन्टून, म्हणजे पोकळ तरंगते ठोकळे, जोडून आज रंगमंच, उद्या कलादालन अशी रचना करायची ठरवली, तर प्रत्येक मांडणीचे गणित नव्याने करावे लागते.

वजन पेलण्याचे गणित सोपे आहे. उभ्या भिंतींचा पॉन्टून गोड्या पाण्यात एक सेंटीमीटर जास्त बुडाला, की तळाच्या दर चौरस मीटरमागे दहा किलो जादा भार पेलतो. म्हणजे २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद पॉन्टूनवर सरासरी ७० किलोची शंभर माणसे पसरून उभी राहिली, तरी तो जेमतेम साडेतीन सेंटीमीटर खाली जाईल.

खरी धास्ती असते ती कलण्याची, कारण काही पाहण्यासारखे दिसले की गर्दी एकाच कठड्याशी धावते. तरंगता मंच कलतो तेव्हा खाली गेलेली बाजू जास्त पाणी सारते आणि तिथला वाढलेला रेटा त्याला पुन्हा सरळ करू पाहतो. हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे दोन सारखे पॉन्टून शेजारी-शेजारी घट्ट जोडले तर वजन दुप्पट होते, पण पाण्याच्या पृष्ठभागावरील आकारामुळे मिळणारा हा आधार आठपट होतो; तेच एकामागे एक जोडले तर आडव्या कलण्याविरुद्ध तो दुप्पटच राहतो. शेजारच्या जोडणीत बिजागरी वापरली, तर आठपटीचा लाभ हातचा जातो. ताठ जोडणीलाही किंमत आहेच: जवळून गेलेल्या बोटीच्या लाटांनी पॉन्टून वरखाली होऊ लागले, की सगळा ताण त्या सांध्यांवर येतो.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा साधारण चौपट होतो, म्हणून प्रवाहाला आडवी पसरलेली मांडणी पूर येण्याआधीच सोडवावी लागते. पाण्याची पातळी बदलते तसा मंच नदीतळात रोवलेल्या खांबांलगत कड्यांच्या आधाराने वरखाली सरकतो. काठावरून येणारा पूल मात्र तितका सोयीचा नसतो. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक, म्हणजे बारा मीटर अंतरात एक मीटर, हा चढ धरला, तर पातळीतल्या दोन मीटरच्या फरकासाठी २४ मीटर लांबीचा पूल लागतो, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या पॉन्टूनपेक्षाही लांब.