आत्या एक, शाळा दोन

दुसरं महायुद्ध चालू होतं. कॅलिफोर्नियातल्या वेस्टमिन्स्टर गावात सोलेदाद विदौरी आपल्या मुलांबरोबर भावाच्या मुलांचीही नावं घालायला शाळेत गेल्या. त्यांची मुलं गोरी, आडनाव फ्रेंच वळणाचं. त्यांना प्रवेश मिळाला. भाची सिल्विया मेंडेझ आणि तिचे भाऊ सावळे, आडनाव उघड मेक्सिकन. त्यांनी ‘मेक्सिकन शाळेत’ जावं, असं सांगण्यात आलं. आत्याबाई सगळ्याच मुलांना घेऊन घरी परतल्या.

या नकाराची मुळं १८४८च्या तहात आहेत. युद्ध हरलेल्या मेक्सिकोचा प्रचंड प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि तिथल्या रहिवाशांना नागरिकत्वाचं वचन मिळालं. कायद्याच्या लेखी ते गोरेच. व्यवहारात मात्र परके. १९३०च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश नोंदवला गेला, १९४०मध्ये तो पुन्हा गाळला. मधल्या मंदीत लाखोंना मेक्सिकोत पाठवलं गेलं. त्यांत अमेरिकेतच जन्मलेलेही पुष्कळ होते.

वेगळ्या शाळांचं समर्थन भाषेच्या नावाखाली होई. मुलांना इंग्रजी येत नाही, असं म्हणायचं. पण परीक्षा कुणी नीट घ्यायची नाही! हे मला सगळ्यात जास्त लागतं. सिल्वियाचे वडील गोन्झालो लहानपणी त्याच गावात गोऱ्या मुलांबरोबर शिकले होते. मार्च १९४५मध्ये त्यांच्यासह पाच कुटुंबांनी चार शाळा-मंडळांवर दावा लावला. वकील होते डेव्हिड मार्कस. खटल्यात एका शिक्षणाधिकाऱ्याने मेक्सिकन मुलं स्वच्छतेत कमी असल्याचं शपथेवर सांगितलं. एका चौदा वर्षांच्या मुलीने मात्र अस्खलित इंग्रजीत साक्ष दिली.

राज्याच्या कायद्यात चिनी, जपानी आणि मूलनिवासी मुलांसाठी वेगळ्या शाळांची मुभा होती. मेक्सिकन मुलांचा त्यात उल्लेखच नव्हता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी कुटुंबांच्या बाजूने निकाल दिला. १९४७मध्ये अपिलातही तो टिकला, आणि त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांच्या सहीने वेगळ्या शाळांची ती मुभाही रद्द झाली. शाळांतला वर्णभेद देशभर घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन ते हेच.

या लढ्याला पैसा पुरवला तो शतावरीच्या मळ्याने. तो मळा मेंडेझ कुटुंबाने खंडाने घेतला होता मुनेमित्सू या जपानी-अमेरिकन कुटुंबाकडून, ज्यांना सरकारने युद्धकाळात जपानी वंशाचे म्हणून ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत डांबलं होतं. युद्धानंतर मुनेमित्सू परतले, तेव्हा खंडाची मुदत संपेपर्यंत दोन्ही कुटुंबं त्याच मळ्यावर राहिली.